सेल्फ मारणारा

प्रेमदास मिस्त्री वर्ध्याहून पहिल्या मोटारीनं हिंगणीला उतरला तेव्हा जेमतेम नऊ वाजले होते, पण मे महिन्याचं ऊन आत्ताच डोळ्यांत खुपत होतं. दवाखान्यापुढच्या निंबाखाली, जिच्या दुरुस्तीसाठी त्याला बोलावलं होतं, ती दवाखान्याची काळी गाडी उभी होती. कोण्या मालगुजारानं दान दिलेली, वीस वर्षांची म्हातारी. मनात आलं तर चालू व्हायची, नाही तर ढिम्म. तीन मिस्त्री हात टेकून गेले होते. "लागिर आहे गाडीले," असं त्यातल्या एकानं सांगूनही टाकलं होतं.

प्रेमदासला हसू आलं. आदल्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा घेऊन आल्यावर त्यानं घरातले देवसुद्धा नदीत सोडले होते. गाडी म्हणजे पेट्रोल, हवा आणि ठिणगी. तिन्हींतलं एक चुकत असणार, बस.

"मिस्त्रीदादा, आज वेळ लावू नका," नर्स सुलोचनाबाई दारातूनच म्हणाल्या. "आत सुंदरा आहे, पहिलटकरीण. मूल आडवं आहे. परतीची मोटार संध्याकाळी, आणि बैलगाडीनं वर्ध्यापर्यंत ती टिकायची नाही."

"कोणाले तरी सेल्फ माराले पाठवा बाई. मले ठिणगी पाहा लागते."

"पाठवते," म्हणून त्या आत गेल्या.

त्यानं किल्ली फिरवून ठेवली, सेल्फचं बटण येणाऱ्यासाठी सोडलं, बॉनेट उघडलं आणि आत वाकला. जरा वेळानं गाडीचं दार लागलं.

"मारा!"

इंजिन घरघरलं. त्यानं हातात धरलेल्या प्लगला निळी ठिणगी पडली.

"बस!"

थांबलं. पुन्हा मारायला सांगितलं, तर ठिणगी नाही. त्यानं एकेक वायर हलवून पाहिली, कॉइल पुसली, टोकं घासली. सेल्फ मारणारा मोठा समजदार होता. शब्द तोंडातून निघायच्या आत मारायचा, थांबायचा. आतून सुंदराचं कण्हणं येत होतं, ते मध्येच बंद पडलं की प्रेमदास काम थांबवून कान द्यायचा.

त्याचा हात कॉइलकडून प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे सरकला. सेल्फ न सांगताच वाजला.

"अजून नाई सांगतलं भाऊ!"

हात मागे घेतला. सेल्फ थांबला. हात पुन्हा तिथं नेला. वाजला.

तिथली ती बारीक वायर त्यानं दोनदा तपासून सोडली होती. आता चिमटीत धरून वाकवली. वरचं कापड शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. गाडी कशी हलते त्यावर कधी टोकाला टोक लागायचं, कधी नाही!

त्यानं वायर बदलली, प्लग जागी बसवला. तेवढ्यात त्याच्या मनात आलं, उघड्या बॉनेटआडून याला माझा हात दिसला कसा?

"मारा!"

पहिल्याच झटक्यात गाडी डरकाळली. प्रेमदासनं आनंदानं आरोळी ठोकली आणि बॉनेट खाली टाकलं.

सीटवर कोणी नव्हतं.

"कोणी मिळेना दादा," सुलोचनाबाई धावत आल्या. "सारं गाव तेंदूपत्ता तोडायला गेलंय... अरे! एकट्यानं चालू केली?"

प्रेमदास आधी मागचं दार उघडायला धावला. सुंदराला उचलून मागं निजवलं. सुलोचनाबाई आणि सुंदराची आजी भागाबाई तिच्याजवळ कशाबशा बसल्या. सेलूच्या फाटकाशी आगगाडीसाठी थांबावं लागलं, तेव्हा प्रेमदासनं मुद्दाम इंजिन बंद केलं आणि फाटक उघडताच सेल्फ मारला. हात लावायचा अवकाश, गाडी चालू! तीन मिस्त्री हरले होते. तो जिंकला होता.

दुपारी दोनला सुलोचनाबाई वर्ध्याच्या दवाखान्याच्या पायरीवर आल्या. "मुलगी झाली! दोघी खुशाल आहेत!" त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. प्रेमदासही हसला. इतकं हलकं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

भागाबाईनं नळावरून लोटाभर पाणी आणून त्याला पाजलं. मग लोटा पुन्हा काठोकाठ भरला आणि ती गाडीकडे गेली. पुढच्या डाव्या खिडकीतून तिनं हात आत घातला.

"कोणाले देऊन राह्यली आजी?"

"तुह्या संगच्या माणसाले. रस्ताभर चुपचाप बसला होता बिचारा. तहानला असन."

प्रेमदास खिडकीपाशी गेला. सीट रिकामी होती. म्हातारीचा हात मात्र हळूहळू वर येत होता, हातातलं ओझं कमी होत जावं तसा.

तिनं लोटा बाहेर काढला आणि जमिनीवर उपडा करून झटकला. एक थेंब पडला नाही.

सीट कोरडी ठणठणीत होती.