पुनानानांच्या चित्रांतले सात कोळी

जेवणं उरकून पोरं ओट्यावर टेकली, तेव्हा अमृतआबा म्हणाले, "ऐकीव नाही रे ही गोष्ट. तोतारामचं दुकान माझ्या दुकानाला लागून. त्यानेच सांगितलं मला."

तोताराम शिरपुरात फोटोंना फ्रेमा करून देतो. गेल्या साली, पोळ्याच्या आदल्या रात्री साडेनऊला तो इंदिराबाईंकडे मापं घ्यायला गेला. त्यांचे भाऊ पुनानाना बावीस वर्षं मालवाहू जहाजावर खलाशी होते. परतल्यावर माडीवर बसून त्यांनी एकच काढलं. समुद्र, होड्या, जाळी ओढणारे कोळी. उन्हाळ्यात ते वारले. आता चित्रं धुळ्याला प्रदर्शनात मांडायची होती, सकाळी ती न्यायला टेम्पो येणार होता, फ्रेमा मागाहून जाणार होत्या.

"जाताना दार लाई लेजो, भाऊ," म्हणत इंदिराबाई त्याला माडीवर सोडून मागच्या अंगणात गेल्या.

दोन चित्रं मोजून तोताराम वळला, तर खोलीचं दार बंद. ओढलं. हललं नाही. लाकूड फुगल्यासारखं चौकटीत गच्च बसलेलं. मोबाइल खाली स्कूटरच्या डिकीत. म्हटलं, मापं तर उरकू.

तिसऱ्या चित्राशी त्याच्या ध्यानात आलं. होडी वेगळी, किनारा वेगळा, पण माणसं तीच. सात. आधीच्या चित्रांत पाठमोरी होती. इथे माना वळलेल्या. शेवटच्यात होडी उलटलेली... आणि सातही जण हात वर करून त्याच्याकडे बघताहेत.

मग बाहेरची कुत्री भुंकायची थांबली. पंखा फिरत होता, आवाज नव्हता. कान पाण्याखाली गेल्यासारखे.

"अक्का... दार उघडा."

स्वतःचाच आवाज त्याला ऐकू येईना.

खिडकीतून इंदिराबाई दिसत होत्या. दिव्याखाली लसूण सोलत. त्याने गजांतून हात काढून हलवले. त्यांनी वर पाहिलं. सरळ त्याच्याकडे...

आणि पुन्हा लसूण सोलू लागल्या.

त्याच्या पाठीमागे कुणी दमून श्वास घेत होतं. एक नाही...

तो वळला नाही. रात्रभर नाही.

सकाळी टेम्पोवाल्याने पहारीने दार काढलं. तोताराम गज धरूनच उभा. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"मी वर दखं रे भाऊ," इंदिराबाई रडत म्हणाल्या, "खिडकीमा कोनीच नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं. नाना तापात बरळायचे. भर समुद्रात एक होडी उलटली होती, माणसं हात करत होती. कप्तानाने जहाज थांबवलं नाही. नाना कठड्याला उभे होते. कुणाला काही बोलले नाहीत.

 

"त्या दाराच्या आतल्या अंगाला," आबा हळू म्हणाले, "खालपासून छातीइतक्या उंचीपर्यंत पांढरी, धारदार कवचं चिकटलेली होती. आपल्याकडे कुणाला ओळखू येईनात. कॉलेजात मालवणचे एक सर आहेत, त्यांना दाखवलं. त्यांनी नखाने खरवडून पाहिलं. म्हणाले, ही होडीच्या तळाला धरतात. एवढी व्हायला लाकूड वर्षभर तरी समुद्रात बुडालेलं असावं लागतं..."