न वाजलेली घंटी

सासरे वारून आठवडाही झाला नव्हता आणि घरात सुनेशी कुणी धड बोलत नव्हतं. शेवटी तिनेच अण्णांना बोलावलं. अण्णा खासगी तपासनीस; सोबत त्यांचा मेहुणा. माणूस भला, पण डोक्याने सावकाश.

"बाबा गेले त्या दिवशी त्यांच्या रिमोटवरची घंटी वाजलीच नाही हो," सून म्हणाली. "झोपेत नुसतं बोट पडून वाजली तरी मी वरून धावत यायचे. त्याच सकाळी जिन्यावर चक्कर येऊन पडले, तरी आले होते."

"खोटं!" नणंद कडाडली. "गेले तेव्हा रिमोट बाबांच्या हातातच होता. दाबून दाबून थकले असतील बिचारे! दादा, हिला माहेरी पाठव, नाहीतर मी या घरात पाऊल ठेवणार नाही."

दादा, म्हणजे सुनेचा नवरा, मान खाली घालून बसला होता.

म्हाताऱ्याच्या खोलीत औषधांचा वास कोंदला होता. उशाशी चष्मा, जखमेवर लावायची चिकटपट्टी आणि इवलासा स्क्रूड्रायव्हर.

"हा कशाला?" अण्णांनी विचारलं.

"चष्म्यासाठी," नवरा पुटपुटला. "उजवा हात लुळा पडला होता, तरी स्क्रू स्वतःच आवळायचे. आम्हाला हात लावू देतील तर शपथ!"

मेहुण्याने रिमोटची बटणं दाबली. दिवा लागला, पंखा फिरला. घंटी मात्र ढिम्म.

"बटण झिजलंय. स्पिरिटने पुसलं की चालेल. आणि हा कोपरा बघा, उंदराने कुरतडलाय."

"वा रे तुझा उंदीर! एकदाच चावला आणि गप्प बसला?"

अण्णांनी त्याच स्क्रूड्रायव्हरने रिमोट उघडला, आतलं बटणांचं रबर उचललं. घंटीच्या बटणाखाली, तांब्याच्या रेघांवर, चिकटपट्टीचा तुकडा नीट बसवलेला होता.

"आता बटण कितीही दाबा, घंटी वाजणार नाही."

"हिनेच लावला!" नणंद ओरडली.

"ताई, सूनबाईंना दोन हात आहेत. तुम्हालाही, दादांनाही. एका हाताने रिमोट धरायचा, दुसऱ्याने स्क्रू फिरवायचा. रिमोट दातांत धरायची वेळ कुणावर येते?"

नणंदेने रिमोटचा कुरतडलेला कोपरा निरखून पाहिला.

"म्हणजे म्हाताऱ्याने स्वतःच?" मेहुण्याने आ वासला.

"सून जिन्यावर पडली ते त्यांनी ऐकलं. झोपेत आपलं बोट पडेल आणि ती पुन्हा धावेल, एवढीच त्यांना धास्ती. छातीत कळ येईल हे कुठे ठाऊक होतं?"

"वहिनी, चुकले मी," नणंद रडत पुढे आली. "कुठे जाऊ नकोस."

सुनेला ते ऐकूच गेलं नाही. ती रिकाम्या पलंगाकडे बघत होती.

"बाबा, मी धावले असते हो," ती म्हणाली. "मला एकदा विचारायचं तरी."