वर्षालीच्या पेशी

मे महिन्यातली दुपार होती आणि काम अगदी साधं होतं. कॉलेजात जाऊन पेशींचं खाणं बदलायचं. खाणं म्हणजे गुलाबी रंगाचं द्रावण. ते वेळेवर बदललं नाही तर पेशी मरतात. सुट्ट्या लागल्या होत्या. बोरगाव मेघेच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मी जर्मनीत पेशीशास्त्र आणि जैवभौतिकीत मास्टर्स केलं आणि परत येऊन या कॉलेजात शिकवू लागले. हे शास्त्र इथल्या मुलींच्या हातात यावं असं मला तळमळून वाटायचं. अजूनही वाटतं. वर्षाली ही रोहणा गावची मुलगी, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची. गावरान अंड्यात नुकताच आकार धरू लागलेल्या पिल्लाच्या हृदयाच्या पेशी काचेच्या डबीत धडधडत्या ठेवायच्या, हा तिचा प्रकल्प. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. पेशी जिवंत दिसल्या तर तिला पुढे शिकता येणार होतं. नाहीतर घरच्यांनी मुलगा बघूनच ठेवला होता.

पेशी वाढायला सीरम लागतं, म्हणजे रक्तातलं निवळ पाणी. ते परदेशातून बर्फात येतं. मी म्हटलं, आपण आपलंच करू. स्वदेशीच्या वर्ध्यात राहून हे नाही जमलं तर कुठे जमणार?

“मंग माहं घ्या न मॅडम,” वर्षालीने बाही वर सरकवली होती. “घरचंच हाये. भेसळ नाई.”

प्रकल्पाच्या दोन्ही डब्यांतल्या पेशी तिच्या रक्तावर वाढल्या.

प्रयोगशाळेत स्पिरिटचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास होता. वरचा पत्रा उन्हाने मधूनच कडाडत होता. मी पहिली डबी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पेशी आकसत होत्या, सैल होत होत्या. एकमेकींना चिकटलेल्या पेशी एका तालात धडधडतात, त्यात नवल नाही. मी सहज बोटाने टेबलावर तो ताल धरला आणि दुसरी डबी ठेवली.

तोच ताल.

डब्यांची अदलाबदल केली. पुन्हा केली. दोघींच्या मध्ये काच होती, हवा होती, तरी माझं बोट एकदाही चुकलं नाही. मग अचानक ठोके भराभर पडू लागले. आणि फोन वाजला.

“मॅडम, बस भेटली एकदाची,” वर्षाली धापा टाकत होती. “फाट्यापर्यंत धावत आली न मी. आई तं मांगून वरडून राह्यली, पोरी, साडी पाह्यची सोडून कुठी पळतं म्हणून! पोचते मी. कशा हायेत आपल्या कोंबड्या?”

“वर्षाली, एक काम कर. नाडी धर. आणि तिच्यासोबत फोनवर टिचक्या मार.”

“काऊन?”

“मार ना गं.”

टक. टक. टक. माझा डोळा काचेवर होता. प्रत्येक टिचकीला पेशी आकसत होत्या. हळूहळू तिचा दम बसत गेला, टिचक्या संथ झाल्या. पेशीही संथ झाल्या.

मी सांगितल्यावर ती खो खो हसली. “म्हंजे माह्या रक्तानं त्याइले माह्या सवयी लागल्या का? परीक्षकाइले सांगू नका, गाइडलेच येड लागलं म्हनतीन.”

तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टर दोनदा ओरडला आणि गप्प बसला.

जर्मनीत लाइट गेली की पेशी गार पडतील ही भीती असते. इथे उलटं. पेशींना सदतीस अंश लागतात आणि कूलर बंद पडताच खोली त्याच्या कितीतरी वर गेली. मी सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे फिरवला. पेशी नुसत्या थरथरत होत्या.

“मॅडम...” फोनवरचा आवाज एकदम बारीक झाला. “जीव कसातरी होऊन राह्यला... छातीत...”

“वर्षाली? पाणी पी. खिडकीपाशी सरक.”

“लय... गरम...”

फोन कटला.

त्या भट्टीत सदतीस अंशांचं एकच काही होतं. माझं अंग. मी दोन्ही डब्या एकीवर एक ठेवून ओल्या तळहातांत धरल्या आणि खाली फरशीवर बसले. फोन लावायला हात मोकळा नव्हता. घाम डोळ्यांत जात होता. बऱ्याच वेळाने काचेतून तळहाताला काहीतरी लागलं. ठोका. मग दुसरा. इतक्या बारीक पेशींचा ठोका हाताला लागत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी हात उघडले नाहीत.

ऊन कलताना दार वाजलं. वर्षाली आली होती, धडधाकट, ओढणीने मान पुसत.

“बसमधी चक्करच आली मले. मंग एकदम बरं वाटलं, कोनं गार हात ठेवल्यावानी. द्या इकडं, पाहू द्या.”

मी डब्या पुढे धरल्या, पण सोडल्या नाहीत. तिने वाकून, उजेडाकडे मान करून पाहिलं. द्रावण पिवळं पडलं होतं. पेशींचे पुंजके सुटून वर तरंगत होते.

“ह्या तं कधीच्याच मेल्या, मॅडम.”

“ठोके लागताहेत मला.”

“तुमचेच असतीन.” ती हसली. “ठेवा खाली. सोमवारच्या आधी नवीन अंडे आणू, अल्लीपूरले माही मावशी...”

मी डब्या टेबलावर ठेवल्या.

ती थांबली. तोंड तसंच अर्धं उघडं. डोळे माझ्यावर, पण पापणी हलेना. पत्र्याचा कडाडही बंद झाला होता.

मी झडप घालून डब्या उचलल्या, तळहातांत घट्ट मिटल्या.

“...राह्यते न, तिच्याकडं लय कोंबड्या हायेत,” वर्षाली म्हणाली, आणि ओढणीने पुन्हा मान पुसू लागली.