हिरवं बटण कुणी दाबलं?

"कान धर! आधी कान धर म्हणतो ना!"

सोमेश्वरकाकांचा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला. सात वर्षांची सृष्टी अंगणात उभी. मागे रांजणाच्या खापऱ्या आणि सगळीकडे पाणीच पाणी!

काकांनी दिवाळीला परभणीहून स्वस्तातलं टेबल ड्रिल मशीन आणलं होतं. आजीच्या जुन्या शिलाई मशीनच्या स्टँडवर बसवून, वर दिवा लावून त्यांनी ते मोठ्या हौसेनं सजवलं होतं. आज लाइट गेल्यावर ते त्याचं गिरमिट बदलत होते. गिरमिट पकडणाऱ्या चकमध्ये ते आवळायची चावी तशीच ठेवून तंबाखू मळायला वळले, तेवढ्यात लाइट आली आणि मशीन एकदम गरगरलं! लोखंडी चावी सुसाट उडाली, सृष्टीच्या कानाजवळून गेली आणि रांजण फुटला!

"हिनंच हिरवं बटण दाबलं! लेकराला काय कळायलंय?" काका म्हणाले आणि सृष्टीच्या गालावर एक चापट बसलीसुद्धा.

शिवरंजनीचं डोकं तडकलं. बारा वर्षांची ती सृष्टीची थोरली बहीण. चावी चार बोटं इकडं आली असती तर? चावी रांजणाला न लागता सृष्टीच्या कपाळाला लागली असती तर? ते कुणी विचारत नव्हतं. सगळ्यांना रांजणाचं पडलं होतं!

"तू दाबलंस का गं?" तिनं सृष्टीला आत नेऊन विचारलं.

"न्हाई गं ताई! मी तर रांगोळी काढायलते!" सृष्टीनं हात पुढं केले. कोपरापर्यंत गुलाबी!

शिवरंजनीनं शेजारच्या हरिओमला हाक मारली. हरिओम आठवीत होता आणि स्वतःला इंजिनिअरच समजायचा. काका जेवायला बसताच तिघं मशीनजवळ गेले.

"आधी प्लग काढ," शिवरंजनीनं बजावलं. "बोट लावायचं न्हाई. नुसतं बघायचं."

हिरवं बटण लखलखीत होतं. गुलाबी रंगाचा ठिपकासुद्धा नाही!

"आणि ह्या बघ मुंग्या!" हरिओम ओरडला. लाल मुंग्यांची रांग स्टँडवरून चढून थेट बटणाच्या डबीत शिरत होती. "लोखंड खायाल्यात का काय?"

"लोखंड न्हाई, नारळ!" सृष्टी म्हणाली. "पाडव्याला काकांनी मशीनवरच नारळ फोडलेला. पाणी हितंच उडालं."

शिवरंजनीला आठवलं. अप्पांनी, म्हणजे आजोबांनी, बजावलं होतं, "सोमू, नारळ दगडावर फोड." काकांनी ऐकलं नव्हतं.

हरिओमनं खोक्यातून माहितीपुस्तिका काढली आणि अडखळत वाचली. लाइट गेली की हिरवं बटण आपोआप सुटतं. लाइट आल्यावर ते पुन्हा दाबल्याशिवाय मशीन फिरतच नाही!

"मग हे कसं फिरलं?"

शिवरंजनी दात आवळून म्हणाली, "कारण वीज ह्या बटणातून जातच न्हाई! हे आता नुसतं शोभेला हाय!"

दुसऱ्या दिवशी अकराला लाइट गेली. दोनला यायची होती. पावणेदोनला तिनं अप्पांना अंगणात खुर्चीवर बसवलं. चकमध्ये चावी नाही ना ते बघितलं, प्लग लावला, भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू केलं आणि मशीनभोवती खडूनं मोठी रेघ मारली.

"काका, तुमी लाल बटण दाबा. झालं ना मशीन बंद?"

"झालं की!" काका हसले.

"मग लाइट आली तरी फिरणार न्हाई?"

काकांचं हसू विरलं. "न... न्हाई." अप्पा बघत होते. काका हळूच मशीनपलीकडच्या भिंतीवरच्या बोर्डाकडं सरकू लागले. पण हरिओम बोर्डाला पाठ लावूनच उभा होता!

"काका, रेघ ओलांडू नका! आत धोका हाय!" तो म्हणाला.

"अरे, सरक की बाजूला!"

"कशाला? मशीन तर बंद हाय ना?"

घर्रर्रर्र! लाइट आली आणि मशीन आपोआप गरगरू लागलं! अप्पा उठले आणि हरिओमला बाजूला सारून त्यांनी बोर्डाचं बटण बंद केलं.

"बोल सोमू."

काकांनी मान खाली घातली. "नारळाच्या पाण्यानं बटण बिघडलं, अप्पा. मी वायरी थेट जोडल्या. तुमी रागावचाल म्हणून..."

"म्हणून लेकराला मारलंस?" अप्पा कडाडले. "मशीन स्वस्त होतं, तर लेकराचा जीवबी स्वस्त समजलास काय रं?"

त्याच संध्याकाळी वायरमननं नवं बटण बसवलं. शिवरंजनीनं आणखी एक सुचवलं: चकची चावी आखूड दोरीनं प्लगलाच बांधायची. प्लग काढल्याशिवाय चावी चकपर्यंत पोचायचीच नाही!

"शाबास! ह्या घरात शहाणी माणसं हायेत, फक्त उंचीनं कमी हायेत," अप्पा म्हणाले. "तिघांनाबी काय पायजे ते मागा."

शिवरंजनीचा राग अजून उतरला नव्हता. "मला काही नको. सृष्टीला विचारा."

सृष्टीनं काकांकडं बघितलं. गालावरून एकदा हात फिरवला.

"कान धरा," ती म्हणाली.

काकांनी निमूट कान धरले आणि उठाबशा सुरू केल्या. सृष्टी मोजत होती, "एक, दोन, तीन, चार... काका, कितवी होती? जाऊ द्या, पुन्हा पहिल्यापासून!"