घटस्थापनेपर्यंत ठेवलेली सायकल

"चाक उचलायचं, फिरवायचं, आन् डोळं मिटून ऐकायचं. रंगावर जायचं न्हाई."

अवसरी बुद्रुकच्या जानकू मिस्त्रीचं हे सांगणं भिमाजीच्या कानात चाळीस वर्षं मुक्कामाला होतं. पुढे तो एसटीत कंडक्टर झाला, निवृत्तही झाला, पण सायकल म्हटली की मिस्त्रीचा आवाज आधी ऐकू यायचा.

नारायणगावच्या 'दलीचंद सायकल मार्ट'च्या सेलमध्ये त्यानं तेच केलं होतं. भाची अश्विनी शेजारी उभी, आणि भिमाजी एकेक करून अकरा सायकलींची चाकं फिरवून ऐकतोय. गिअरची नको, शॉकअपची नको, त्यात नुसतं वजन वाढतं आणि दुरुस्त्या निघतात. साधी, लोखंडी सांगाड्याची, चढायला सोपी अशी लेडीज, दोन्ही ब्रेक नीट धरणारी. अकरातली एकच त्याला पटली. लाल. त्या किमतीत याहून बरी सायकल सबंध सेलमध्ये नव्हती, हे तो देवाच्या दारात उभं राहूनही सांगू शकला असता.

तीच सायकल आज मंचरला इंद्रायणीबाईंच्या ऑफिसात भिंतीला टेकून उभी होती. पुढचं चाक ज्यात बसतं तो चिमटा एका अंगानं तुटून लोंबत होता. समोरच्या खुर्चीत अश्विनी बसली होती, उजव्या हाताला प्लास्टर. तिच्याशेजारी तिचे वडील कुंडलिक, टोपी गुडघ्यावर ठेवून.

इंद्रायणीबाई पूर्वी विमा कंपनीसाठी अपघातांच्या चौकशा करत. आता स्वतःचं छोटं ऑफिस होतं, आणि टिपणं ठेवायला भिमाजी. त्यांचे नवरात्राचे उपास चालू होते. पाण्याचा एक तांब्या सोडला तर टेबलावर काही नव्हतं.

"मला चौकशी-बिकशी करायची न्हाई," कुंडलिक म्हणाला. "भिमाजी लई मागं लागला म्हणून मढ गावावरनं आलो. नवी कोरी सायकल व्हती. नवी सायकल अशी मोडती व्हय? गावात समदी म्हणत्यात, पोरगी उतारावर हात सोडून चालली व्हती."

"आबा, मी हात सोडले नव्हते."

"मग चिमटा काय आपसूक तुटला?"

अश्विनीनं मान खाली घातली. हे तिनं चार दिवसांत किती वेळा सांगितलं असेल, ते तिच्या आवाजावरून कळत होतं.

"दाजी, जरा दमानं," भिमाजी म्हणाला.

"दमानंच सांगतोय. सकाळची यष्टी बंद झाली म्हणून सायकल घेतली. आज हात मोडला, उद्या मान मोडंल. दसरा झाला की कॉलेजातनं नाव काढून आणतो. माझा इस्वास उडाला, बास."

इंद्रायणीबाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्या सायकलीजवळ खाली बसल्या. "सेलच्या दिवशीच घरी का नेली नाही?"

"पितर चालू व्हते ना. पितरात नवी वस्तू कोन घरात आणतं? शेटनीच सांगितलं, पसंत करा, बिल करा, नावाची चिठ्ठी बांधा, घटस्थापनेला घिऊन जा. आमच्यासारखं लई जणांनी केलं."

"म्हणजे बारा-तेरा दिवस तिथंच."

"गोदामात. घटस्थापनेला पिकअपमधनं घरी आणली, पूजा केली. दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघाली, आन् पयल्याच उतारावर..."

"घरापासून किती लांब?"

"दीड किलोमीटर आसंल."

"ताई," अश्विनी हळूच म्हणाली, "निवडली तेव्हा चाक गप्प होतं. त्या दिवशी कट-कट वाजत होतं. मला वाटलं, नवीन आहे म्हणून."

भिमाजीनं टिपणाचं पेन खाली ठेवलं. घटस्थापनेला तो घरच्या घटापाशी बसला होता. सायकल ताब्यात घेताना चाक फिरवून पाहायला कुणीच नव्हतं.

"बदलली, ताई," तो म्हणाला. "आपली चांगली ठेवून घेतली आन् टाकाऊ माल दिला."

इंद्रायणीबाईंनी सांगाड्यावर ठोकलेला नंबर बिलाशी ताडून पाहिला. तोच होता. सीटच्या नळीवर भिमाजीनं अश्विनीच्या उंचीला किल्लीनं केलेली खूणही जागच्या जागी होती. मात्र त्या खुणेच्या दोन बोटं वर, नळीभोवती आणखी एक ओरखडा उठलेला होता.

"अश्विनी, सीट हलवली होतीस?"

"नाही. मामांनी लावली तिथंच होती."

बाईंनी टायरवरून तळहात फिरवला. मग भिमाजीला फिरवायला लावला. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात. कडेला ते होते, मधोमध गुळगुळीत. शेवटी त्यांनी तुटलेल्या चिमट्यावर नख लावलं. रंगात ब्रशचा एक केस चिकटून वाळला होता.

"चला नारायणगावला," त्या म्हणाल्या.

कुंडलिकनं टोपी चढवली. "जावा. माझी भाकर काय त्यानं थांबत न्हाई."

दुकानाबाहेर टोमॅटोच्या गाड्यांची रांग लागली होती. दलीचंद शेठ जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता गल्ल्यावर त्यांचा मुलगा पारस बसे. उंच, मऊ बोलणारा.

"आम्ही जैन, आमच्यात पितृपक्ष नाही, ताई," तो म्हणाला. "पण गिऱ्हाइकांचा असतो. पंधरा दिवस दुकानात माशी फिरकत नाही. म्हणून तेव्हाच सेल लावतो. मालाला मी हात लावत नाही. चिठ्ठी बांधली की ती वस्तू गिऱ्हाइकाची."

"गोदामाची किल्ली कुठं असते?"

"वर घरात, खिळ्याला. गोदाम मागच्या दारानं. बुकिंगच्या सायकलींपाशी घटस्थापनेपर्यंत कुणी जातच नाही."

"तुम्ही सायकल चालवता?"

पारस ओशाळून हसला. "पोट बघा ना माझं. मोटारसायकलच बरी."

गेणू फिटर मागच्या पडवीत चाकाचे आरे ताणत बसला होता. तो पारसपेक्षाही वीतभर उंच.

"कंपनीचाच माल तसा येतो," न विचारताच तो म्हणाला.

इंद्रायणीबाईंनी फळीवरचा लाल रंगाचा डबा उचलला. झाकणाला ओघळ ताजा होता. "हा कशाला?"

"ओरखडे-बिरखडे पडत्यात. बुजवायला."

"चिमटे ठोकून सरळ केले की त्यावरही लावता?"

गेणूचा पाना थांबला. "मला इचारू नका, ताई. पोराबाळांचा मानूस हाये मी."

बाहेर आल्यावर भिमाजीनं दात आवळले. "सापडला. हाच घरी घेऊन जात असणार, आन् आपटली असणार. गचांडी धरतो."

"उंची बघितलीत त्याची?" एवढंच बाई म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

वर पारसची आई धापूबाई निवडण घेऊन बसल्या होत्या. उकळून गार केलेलं पाणी त्यांनी पुढे केलं.

"जाताना जीपनं जाल ना? आमच्या सुनेला विचाराल तर चालत जाईल," त्या कौतुकानं म्हणाल्या. "चौमासा लागताना रिंकूनं महाराजसाहेबांपुढं नियम घेतलाय. कार्तिक पौर्णिमेपर्यंत इंजिनाच्या गाडीत बसायचं नाही. बाप आजारी पडला तरी मोडला नाही हो. रोज कळंबला जाऊन यायची. पण गेलाच शेवटी, अमावस्येच्या दोन दिवस आधी."

"कळंब म्हणजे आमच्या रूटवरचं," भिमाजी म्हणाला. "धा किलोमीटर धरा."

"किती वाजता निघायच्या?" इंद्रायणीबाईंनी विचारलं.

"दुकान एकला बंद होतं. सगळ्यांची जेवणं उरकून मग. आणि सहाच्या ठोक्याला घरात. सूर्य मावळल्यावर आम्ही जेवत नाही ना."

तेवढ्यात रिंकू आली. बारीक चणीची, डोळ्यांखाली काळं. बिलबुकं वरच्या फळीवर होती. ती काढायला तिनं स्टूल ओढलं.

"वडिलांचं कळलं," बाई म्हणाल्या. "जवळ बसायला मिळालं का?"

"रोज तीन तास." स्टुलावरून उतरताना ती जरा थांबली. "त्यांना माझ्या हातचं पाणी लागायचं."

खाली येताना बाईंनी पारसला सांगितलं, "एकला दुकान बंद झालं की सगळे पाच मिनिटं थांबा."

शटर अर्धं ओढून घेतलं. पारस गल्ल्याशी, गेणू दाराशी, धापूबाई खुर्चीवर, रिंकू त्यांच्या मागे. भिमाजी उभाच होता. कुणाची तरी कॉलर धरायची म्हणून त्याचे हात शिवशिवत होते.

"सायकल बदललेली नाही," इंद्रायणीबाईंनी हळू आवाजात सुरुवात केली. "नंबर तोच, खूण तीच. पण अश्विनीनं ती दीड किलोमीटर चालवली, आणि टायर मधोमध दीड-दोनशे किलोमीटर झिजलेत. म्हणजे गोदामात होती त्या दिवसांत कुणीतरी ती रोज चालवली."

पारसनं गेणूकडे पाहिलं.

"गेणू नाही. तुम्हीही नाही. नळीवरचा दुसरा ओरखडा भिमाजींच्या खुणेच्या वर आहे. नळी जास्त आत घातली, म्हणजे सीट खाली केली. चालवणारं माणूस अश्विनीहून बुटकं आहे. तुम्ही दोघं बसला असता तर सीट वर गेली असती. धापूबाईंचं वय नाही."

"मग कोण?" पारस म्हणाला.

"कळंब दहा किलोमीटर. चालत जायला दोन तासांच्या वर लागतात, यायला तेवढेच. एकच्या पुढं निघून सहाला परत, त्यात तीन तास वडिलांजवळ. जाण्यायेण्याला उरले फार तर दोन तास. जीपला अर्धा तासही लागत नाही, पण जीपमध्ये बसायचं नाही. चालून ते दोन तासांत होत नाही." त्या थांबल्या. "सायकलवर होतं."

बाहेर एका ट्रकचा हॉर्न बराच वेळ वाजत राहिला.

रिंकूनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "समोरच्या सायकली हे रोज मोजतात. त्या सगळ्या दांड्याच्या. मागं ही एकच लेडीज होती. घटस्थापनेपर्यंत कुणाला लागणार नव्हती. मला वाटलं, पुसून जागेवर ठेवीन."

"मला का नाही विचारलंस?" पारस म्हणाला.

"तुम्ही म्हणाला असता, नियम सोड आणि जीपनं जा. महाराजसाहेबांपुढं घेतलेला नियम होता, मोडवला नाही. शेवटच्या दिवशी कळंबहून फोन आला. मी जोरात मारली. पुलापाशी खड्डा दिसला नाही. पुढं ढकलत नेली. पोचले तेव्हा वडिलांना खाली घेतलं होतं."

"दुसऱ्या दिवशी वैनी ढकलत घिऊन आल्या," गेणू म्हणाला. "चिमटा वाकला व्हता. ठोकला, रंग मारला, सीट खुणेवर लावली. सांधा आतनं फुटला आसंल, हे मला कळाया पायजे व्हतं. त्यांच्या तोंडाकडं बघून मी काय बोललोच न्हाई."

"न विचारता घेतलेली वस्तू," धापूबाई पुटपुटल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही. "एक नियम राखला आणि दुसरा..."

भिमाजीचे हात सैल पडले. चोर सापडला होता, आणि त्याला धरायला कॉलरच नव्हती.

"उद्या नवी सायकल पाठवतो," पारस म्हणाला. "दवाखान्याचंही माझ्याकडं."

"सायकल घेऊन काय करू, शेट?" भिमाजी म्हणाला. "दाजी तिला बसूच देणार नाहीत. गावानं पोरीला उनाड ठरवलंय, आन् त्यांनाही तसंच वाटतंय. दसऱ्याला तिचं नाव काढायला निघालेत."

"ताईंनी हे सगळं सांगितलं तर?"

"मी सांगेन," इंद्रायणीबाई म्हणाल्या, "पण ते ऐकून घेणार नाहीत. त्यांच्या लेखी मी भिमाजींच्या बाजूची. ओरखडा आणि टायरचे केस दाखवून बापाचा विश्वास परत येत नाही." भिमाजीनं त्यांना पहिल्यांदाच इतकं थकलेलं पाहिलं. उपासाचं ते नव्हतं.

"मी सांगते," रिंकू म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"त्यांच्या दारात जाऊन, चार माणसांसमोर. सायकल मी पाडली, तुमच्या मुलीनं नाही. दसऱ्याच्या आत येते. शब्द देते."

"मढ कुठं, नारायणगाव कुठं," पारस म्हणाला. "आणि तुझा नियम?"

"चालत."

"आन् तरीबी दाजी न्हाई म्हणाले तर?" भिमाजीला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

रिंकूनं खुर्चीची पाठ सोडली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना भिमाजी बहिणीकडे निघाला. नारायणगावच्या चौकात जीप भरेपर्यंत थांबली, मग ओतूरच्या दिशेनं सुटली. गावाची वस्ती संपते तिथं त्याला रस्त्याच्या कडेला दोन बायका दिसल्या. धापूबाईंनी सुनेच्या खांद्याला पाण्याची बाटली अडकवली, पदर नीट केला, आणि माघारी वळल्या. रिंकूच्या हातात एक नवी सायकल होती, हँडलला अश्विनीच्या नावाची चिठ्ठी बांधलेली.

ड्रायव्हरनं वेग कमी केला. "ओतूर, मढ... ताई, बसा की. सायकल टाकू टपावर."

तिनं मान हलवली. भिमाजीनं खिडकीतून हात काढला. जीप पुढे गेली. तो मागे वळून बघत राहिला. रिंकू सायकलवर बसली नव्हती. एक हात हँडलवर, एक सीटवर ठेवून, कडेकडेनं, ती चालू लागली होती.