वाटीभर तूप उरलं तेव्हा

सांगा बघू, एक वाटी मैदा म्हणजे किती ग्रॅम? तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं! मीही तसंच म्हणाले होते, आणि नानकटाईचे दोन घाणे मातीत घातले.

आई जाऊन आठ महिने झाले होते. तिनं कढवलेल्या तुपाची बरणी तेवढी घरात होती. तिच्या वहीत कृती होती: दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी तूप. आमच्या मिरजेत अजूनही लोक घरचं सामान भट्टीवर नेऊन नानकटाई भाजून आणतात. फक्त हल्ली भट्टीवर खमीर नावाचा यंत्रमानव असतो, आणि त्याला वाटी कळत नाही. तो विचारतो, "किती ग्रॅम?"

मी पडले अतिशहाणी! आईची वाटी पाण्यानं भरून काट्यावर ठेवली, रिकाम्या वाटीचं वजन वजा केलं. पाणी भरलं दीडशे ग्रॅम. मग सगळ्यालाच वाटीमागे दीडशे धरले. पहिला घाणा दगड. वाटलं, भट्टी जास्त तापली असेल. दुसराही दगड! दारातल्या कुत्र्यानंसुद्धा हुंगून तोंड फिरवलं.

बरणीत आता जेमतेम एक वाटी तूप उरलं होतं. तेही वाया गेलं, की आईच्या हातचं काहीच उरणार नव्हतं. आईची वाटी मांडीवर घेऊन मी भट्टीच्या पायरीवर बसले आणि भोकाड पसरलं.

खमीर जवळ आला. "ऋजुता, चूक माझीही आहे. तू सांगितलंस तेवढं मी घातलं, विचारलं नाही. या वाटीत मैदा भरून तोल बरं."

मी तोलला. ऐंशी ग्रॅम!

"जेमतेम निम्मा? अरे, वाटी तर तीच आहे!"

"वाटी आकारमान (वस्तू किती जागा अडवते ते) मोजते. काटा वजन मोजतो. मैद्याच्या कणांमध्ये हवा असते. ती जागा अडवते, पण तिचं वजन नगण्य. पाण्यात अशा फटी नसतात. तेवढ्याच जागेत कोणाचं वजन किती, ती त्याची घनता. ती प्रत्येकाची वेगळी."

पिठीसाखरही ऐंशीच भरली. तुपाला हात लावायची माझी हिंमत नव्हती. ते एकशे सदतीसच्या आसपास भरेल, असं खमीरनंच सांगितलं. म्हणजे मी मैदा आणि साखर जवळजवळ दुप्पट घातली होती आणि तूप होतं तेवढंच. दगड नाही होणार तर काय!

खात्रीसाठी मी मैदा पुन्हा भरला, या वेळी वाटी आपटून, चेपून. एकशे दहा!

"आता खरं कोणतं?"

"दोन्ही. चेपलं की हवा निघते, जास्त मैदा मावतो. तुझी आई कसा भरायची?"

"मला काय माहीत! तू शोधून काढ ना!"

"वहीत लिहिलेलं नाही, ते मला कुठून कळणार?" खमीर म्हणाला.

संपलंच सगळं. वाटी घेऊन मी घरी आले. बाबा खिडकीशी बसले होते. आठ महिन्यांत त्यांनी आईचं नावही काढलं नव्हतं, आणि मीही विचारायला धजत नव्हते. आज मात्र ओरडलेच, "बाबा, आई मैदा कसा भरायची? चेपून की सैल? सांगा ना!"

बाबांनी माझ्या हातातली वाटी घेतली.

"चाळून," ते म्हणाले. "चमच्यानं अलगद घालायची. एकदा मी मदतीला गेलो आणि वाटी आपटली, तर म्हणाली, 'अहो, नानकटाई करायचीय, भिंत नाही बांधायची!'" ते हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. मग मीही.

आम्ही दोघं भट्टीवर गेलो. मैदा एकशे साठ, साखर ऐंशी, तूप एकशे सदतीस. नानकटाई वरून हवी तशी तडकलेली निघाली, आणि तोंडात टाकताच विरघळली. बरणी मात्र रिकामी झाली.

बाबांनी वहीत ग्रॅम लिहून घेतले. "शनिवारी लोणी आणू," ते म्हणाले. "कढवताना ती त्यात विड्याचं पान टाकायची, हे तुला कुठे माहितीय!"

मला खरंच माहीत नव्हतं. घरी पोचेपर्यंत बाबा आईबद्दलच बोलत होते.