दहा वेळा स्वच्छ

मी सात नंबरच्या खोलीची किल्ली मागायला गेलो होतो, एवढंच. दुपारचे तीन वाजले होते. संगीतशाळेच्या ऑफिसात शिपाई टेबलावर डोकं टेकून झोपला होता आणि पंखा त्याचे उरलेले चार केस इकडून तिकडे करत होता. मी टेबलावर टकटक केली तेव्हा त्याने उपकार केल्यासारखा एक डोळा उघडला.

"सात नंबर? तिथे हल्ली कुणी बसत नाही, सर."

"म्हणूनच मागतोय."

मला कुणाच्या कानावर न पडता वाजवायचं होतं. कारण सांगतो, हसायचं असेल तर हसा. शाळेत पियानोचे दोन शिक्षक होते आणि आता एकच ठेवायचा असं ठरलं होतं. वीस तारखेला परीक्षा. बाहेरून तीन परीक्षक येणार, उमेदवार पडद्याआड बसणार, नाव नाही, फक्त नंबर. जो बरा वाजवेल तो राहणार. दुसरी उमेदवार म्हणजे माझीच जुनी विद्यार्थिनी. ती चौदा वर्षांची असताना मी तिला सांगितलं होतं, "तुझी बोटं टायपिंगला चांगली आहेत, तिकडेच जा." ती गेली नाही. सव्वीस वर्षं शिकवल्यावर मी तिच्याबरोबर परीक्षेला बसायचं! हरलो तर मेव्हण्याच्या दुकानात उभं राहून खेळण्यातले की-बोर्ड विकायचे, हे बायकोने आधीच ठरवून टाकलं होतं. "अहो, निदान बसून काम आहे," असंही म्हणाली. बसून नाही, उभं राहूनच होतं, पण तिला कोण सांगणार.

आणि मी पंधरा वर्षांत सराव केला नव्हता. मुलांच्या चुका ऐकायला सराव लागत नाही.

सात नंबरमध्ये पूर्वी शाळेतल्याच एक जुन्या बाई, घड्याळबाई, बसायच्या. खरं नाव सगळे विसरले होते. तीस वर्षं रोज चार ते पाच, एकच तास, एकाच क्रमाने, घाण्याला जुंपल्यासारख्या. मी शिक्षकांच्या खोलीत म्हणायचो, "बाई सराव करतात, वाजवत कधीच नाहीत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" सगळे हसायचे. एकदा त्या दारात कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. एवढंच म्हणाल्या, "दहा वेळा स्वच्छ आल्याशिवाय मी त्याला वाजवणं म्हणत नाही." आणि कप विसळायला निघून गेल्या. दोन महिन्यांपूर्वी वारल्या, तेही रविवारी. म्हणजे मरतानासुद्धा तास बुडवला नाही.

खोलीत गेलो तर कोंदट वास. जुनं लाकूड, कापड, आणि त्याखाली बाई मनगटांना चोळायच्या त्या मलमाचा. खिडकी उघडायला गेलो तर ती रंगाने चिकटून बसलेली. भिंतीला लागून उभा पियानो, वर मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं लाकडी यंत्र. पियानोच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद डकवलेला होता, शाळकरी अक्षरात:

पाच मिनिटं, पाची बोटं पट्ट्यांवर दाबून ठेवून एकेक उचलणे. दहा मिनिटं स्केल, ठोका साठ. मग अवघड ओळी, डावा हात एकटा, उजवा एकटा, नंतर दोन्ही. शेवटी तीच ओळ दहा वेळा स्वच्छ. एक चूक झाली की पहिल्यापासून.

कागदाखाली पत्र्याची डबी आणि डबीत कोटाची दहा काळी बटणं. ती कशाला हे मला ठाऊक होतं, पहिलीतल्या पोरांना शिकवतात ते. बटणं पान टेकवायच्या फळीवर डावीकडे मांडायची. ओळ स्वच्छ आली की एक उजवीकडे सरकवायचं. चुकली की सगळी परत डावीकडे. साठीची बाई बटणं खेळत होती, म्हणून मला हसू आलं.

पहिले दोन दिवस मी माझ्या पद्धतीने वाजवलं. परीक्षेची रचना सरळ पूर्ण वेगात घेतली आणि दुसऱ्या पानावर घसरलो. पुन्हा घेतली, पुन्हा तिथेच. पियानोला दोष दिला, स्टुलाला दिला, त्या वासाला दिला. तिसऱ्या दिवशी, कुणी बघत नाही याची खात्री करून, मी मेट्रोनोम साठवर लावला आणि बटणं डावीकडे मांडली. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पण उपयोग होत होता. चार दिवसांत चौथं बोट, जे गेली दहा वर्षं नुसतं शेजारच्या बोटाला टेकून जगत होतं, आपलं आपण उठायला लागलं.

नवव्या दिवशीची गोष्ट. सहा बटणं उजवीकडे गेली होती. सातव्या वेळी ओळीच्या शेवटी एक सूर किंचित दबला. एवढासा. मुलांचे असे शेकडो सूर मी जाऊ दिले आहेत, कंटाळा येतो म्हणून. मी सातवं बटण सरकवलं, पान सरळ केलं आणि वर पाहिलं तर दहाही बटणं डावीकडे होती.

वाटलं, सवयीने मीच सरकवली असतील. पुन्हा सुरू केलं. पाचव्याला अंगठा जरा उशिरा पडला. मी खाली पट्ट्यांकडे बघत तसाच पुढे गेलो, आणि वर फळीच्या लाकडावरून काहीतरी घासत गेलं. खर्र... एक. खर्र... दुसरं. घाई नाही, राग नाही. मेट्रोनोमच्या ठोक्यावर, एका ठोक्याला एक.

वर बघितलं. सगळी डावीकडे. मलमाचा वास एवढा दाट झाला होता की घशात उतरत होता.

तुम्ही असता तर पळाला असता. मलाही पळावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण भीतीच्याही आधी मला संताप आला. माझी चूक ही बाई काढणार? जन्मभर जिने मेट्रोनोमला नवरा मानलं, ती मला शिकवणार? मी मोठ्याने म्हणालो, "ऐकायचं असेल तर गप बसून ऐका." आणि पहिल्यापासून घेतलं.

त्यानंतर रोज असंच. बटणं सरकताना दिसत कधीच नसत. मी टक लावून बसलो की ती मुकाट पडून राहत. डोळे पट्ट्यांवर गेले आणि चूक झाली की आवाज यायचा. एकदाही चुकीचा निवाडा नाही. मला न कळलेल्या चुकासुद्धा तिने धरल्या, आणि सावकाश वाजवून पाहिल्यावर त्या खरंच तिथे असायच्या. स्वच्छ आलं की मी बटणाला हात लावायचो, आणि मागे, मानेच्या अगदी जवळ, कुणीतरी नाकातून हवा सोडायचं. "एवढंच?" अशा अर्थाची. तो आवाज मी ओळखला. घड्याळबाईंचा नव्हता तो. मी विद्यार्थ्यांपुढे काढतो तो होता.

अठरा तारखेला किल्ली परत द्यायला गेलो तर शिपाई घुटमळला.

"आजही नुसतेच बसलात का, सर?"

"म्हणजे?"

"नाही... आवाज नाही आला. बाई वाजवायच्या तेव्हा इथपर्यंत यायचा."

"कान साफ करून घे," मी म्हटलं. दिवसभर झोपणाऱ्या माणसाकडून संगीताबद्दल मत घ्यायचं म्हणजे कमाल होती.

एकोणीस तारखेला नऊ बटणं उजवीकडे गेली. दहावं गेलं नाही. तीन वेळा नऊपर्यंत पोचलो आणि तीनदा त्या चौथ्या बोटाने घात केला. पण खरं सांगतो, माझे हात असे कधीच वाजले नव्हते. तरुणपणीसुद्धा नाही. घरी जाताना मी रस्त्यात एकटाच हसत होतो. उद्या त्या टायपिंगवालीला कळेल, असं मनात म्हणत होतो.

वीस तारखेला सभागृहात जाड करडा पडदा लावला होता. पडद्याच्या अलीकडे पियानो आणि मी, पलीकडे परीक्षक. माझा नंबर दोन, म्हणजे शेवटचा. एक नंबर तिने आधीच वाजवला होता. दाराबाहेरून ऐकला मी. व्यवस्थित होता, धुतलेल्या भांड्यांइतका व्यवस्थित.

नियम शिपायाने वाचून दाखवला. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, पडदा कुणी हलवायचा नाही. मग तो निघून गेला.

मी वाजवलं. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत एकही डाग नाही. शेवटचा सूर विरेपर्यंत हात पट्ट्यांवरच ठेवले आणि मग उचलले. पलीकडून एक हलका, कोरडा आवाज आला.

"पहिल्यापासून."

परीक्षक कधीकधी असं करतात. मी पुन्हा वाजवलं. आधीपेक्षा चांगलं.

"पहिल्यापासून..."

तिसऱ्यांदा वाजवताना मलमाचा वास आला. तो पडद्याकडून येत नव्हता, माझ्या मनगटांना येत होता. मला थांबावंसं वाटलं. पण थांबलो असतो तर जागा गेली असती, आणि खरं म्हणजे हातांना थांबायचं नव्हतं. चौथ्यांदा. पाचव्यांदा. मोजायचं नव्हतं तरी मी मोजत होतो. आठव्यांदा घामाने पट्ट्या ओल्या झाल्या तरी एकही बोट घसरलं नाही. नववं तर असं आलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कुणाच्याही वाजवण्याने माझ्या डोळ्यांत कधी पाणी आलेलं नाही.

"पहिल्यापासून..."

दहावं सुरू केलं आणि अर्ध्यावर पडदा सर्रकन बाजूला झाला. शिपाई उभा होता, हातात कुलूप.

"सर... तुम्ही अजून इथेच?"

त्याच्यामागे तीन रिकाम्या खुर्च्या होत्या. घड्याळात पाऊण वाजला होता. मी अकराला बसलो होतो.

"परीक्षक?"

"ते कधीच गेले, सर. वीस मिनिटं वाट पाहिली. तीनदा घंटा वाजवली मी. तुम्ही सुरूच केलं नाहीत. म्हणाले, घाबरले असतील, राहू दे."

मी त्याला ढकलूनच ऑफिसात गेलो आणि निकालाचा कागद मागितला. त्याने काढून दिला. एक नंबर, निवड. त्याखाली शाईने, तिघांच्या सह्यांसह: उमेदवार दोन हजर. वादन केले नाही.

तिन्ही बहिरे! मी तसं ओरडलोसुद्धा. सव्वीस वर्षं गेली, जागा गेली, आणि कशाने, तर म्हणे वादन केले नाही. एका जन्मात जेवढं वाजवायचं तेवढं मी त्या दोन तासांत वाजवलं होतं. मी तो कागद फाडणार होतो. तेवढ्यात समासात पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. उभ्या रेघा, शाळकरी हाताने ओढलेल्या. एकेक मोजली. नऊ होत्या.

आणि मला आनंद झाला. ज्या बाईला मी माणसांत धरलं नाही, तिने मला नऊ दिल्या म्हणून पोटातून आनंद झाला. त्या आनंदाची मला अजून किळस वाटते.

"कुणीतरी गिरगटलंय," शिपाई म्हणाला. "खोडरबर देऊ?"

"नको."

तेव्हा दिसलं की नवव्या रेघेच्या बाजूला आणखी एक सुरू केलेली होती. वरून जराशी ओढून सोडून दिलेली.

याला आता सात आठवडे झाले. मी दुकानात उभा असतो, पोरांना पिपाण्या दाखवतो. वीस तारखेपासून पियानोच्या पट्टीला बोट लावलेलं नाही, घरातला पियानो विकला, सात नंबरला कुलूप आहे. पण दर शनिवारी मी शाळेत जातो आणि शिपायाला फाईल काढायला लावतो. तो मला वेडा समजतो, समजू दे. अर्ध्यावर सुटलेलं दहावं वादन कुठेतरी अजून चालूच असल्यासारखी ती दहावी रेघ दर वेळी थोडी खाली आलेली असते. काल पाहिली तेव्हा बाकीच्या नवांच्या बरोबरीला यायला तांदळाच्या दाण्याएवढी जागा उरली होती. मी तिच्या टोकावरून बोट फिरवलं. शिसं बोटाला लागलं, ताजं.